अमरनं निवडलेलं पिंप

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही, आणि ज्याला सांगायला हवं होतं त्या दत्तूला तर नाहीच. माझ्या बाकीच्या चुका गावाला पाठ आहेत — बोअर कुठं मारली आणि पाणी कुठं लागलं, मुलीसाठी आलेलं चांगलं स्थळ कसं हातचं घालवलं, सगळं. ही तेवढी माझ्याजवळ राहिली. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून वाटतं, तुम्हाला सांगता येईल. येईल ना? बघू.

गोष्ट व्हिस्कीची आहे. मी काही दारुडा नाही, हे आधीच — बघा, अजून सुरुवात झाली नाही तोवर स्वतःला सावरायला लागलो. ते राहू द्या.

मी फौजेत मेस हवालदार होतो. ऑफिसर मेसचा बार माझ्या ताब्यात असायचा. माझी बरीचशी नोकरी ग्लास पुसण्यात आणि बर्फ फोडण्यात गेली. गावात मात्र मला मेजर म्हणतात. आमच्या खटाव तालुक्यात फौजेतून आलेला प्रत्येक माणूस मेजरच असतो, मग तो तिथं स्वयंपाकी का असेना. मी कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. आता वाटतं, खोटं मिरवायची सवय तिथूनच लागली असेल.

मेसमध्ये आमचे एक कर्नलसाहेब होते. रोज एकच पेग घ्यायचे आणि तो संपवायला तासभर लावायचे. त्यांनी मला स्कॉच शिकवली. प्यायला नव्हे — हुंगायला. ग्लास नाकाखाली धरायचा, तोंड थोडं उघडं ठेवायचं, घाई करायची नाही. मग दोन थेंब पाणी टाकायचं, आणि परत. पाणी टाकलं की आतले दडलेले वास एकेक करून बाहेर येतात. जीभ नंतर. आधी नाक.

लोकांना वाटतं, स्कॉच ही एक दारू आहे. ब्लेंडेड स्कॉच ही एक दारू नसतेच मुळी. एका बाटलीत वीस-तीस ठिकाणची व्हिस्की असते. काही जवापासून, तांब्याच्या भट्टीत केलेली — ती माल्ट. काही गव्हा-मक्याची, हलकी — ती ग्रेन. प्रत्येक जण आपापल्या ओकच्या पिंपात वर्षानुवर्षं पडून असतो, आणि पिंपागणिक स्वभाव वेगळा होतो. एखादी धुरकट, एखादी मधासारखी, एखादी नुसतीच तापट. साहेब म्हणायचे, ‘पलटण समज. साताऱ्याचा आहे, बेळगावचा आहे, कोकणातला आहे. ग्रेन म्हणजे जवान, त्यांच्याशिवाय पलटण उभीच राहत नाही. माल्ट म्हणजे तुमच्यासारखे हवालदार — एकेक आपल्याच तोऱ्यात. आणि ब्लेंडर म्हणजे असा माणूस, जो ह्या सगळ्यांना एका पावलावर चालायला लावतो.’ पिंपं दर वर्षी वेगळी, तरी यंदाची बाटली गेल्या वर्षीसारखीच लागली पाहिजे. ज्याचं काम कुणाच्या लक्षातच येत नाही तो चांगला ब्लेंडर. हे मला फार आवडलं होतं. एवढं सांगतोय ते अशासाठी, की मला कळत नव्हतं असं तुम्हाला वाटू नये. मला कळत होतं.

मी निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी एक बाटली भेट दिली. उंच, चौकोनी, जाड बुडाची. ती घेऊन मी गावी आलो आणि जत्रेत खाऱ्या दिवशी, म्हणजे मटणाच्या जेवणादिवशी, ती उघडली. आम्ही पाचसहा जण होतो. प्रत्येकाला टोपणभर, घोटभर. मी सगळ्यांना हुंगायला लावलं. पाणी किती टाकायचं ते दाखवलं. आयुष्यात पहिल्यांदा गावातली माणसं गप्प बसून माझं ऐकत होती. बाटली त्याच दुपारी संपली.

पुढच्या वर्षी जत्रा आली आणि कुणीतरी म्हणालं, ‘मेजर, काढा की तुमची स्कॉच.’

संपली म्हणालो असतो तर काय झालं असतं? काहीच नाही. हसले असते आणि मी फौजी कॅन्टीनमधून आणलेली प्यायले असते. पण मी ‘आणतो’ म्हणालो. घरी जाऊन त्या रिकाम्या बाटलीत कॅन्टीनच्या दोन तऱ्हेच्या व्हिस्की ओतल्या, रंगाला थोडी रम. कुणाला काही कळलं नाही. मग दर वर्षी मी जत्रेच्या आधी हा उद्योग करू लागलो. करता करता हात सुधारला. बाभळीचा निखारा वाटीत घेऊन त्याचा धूर बाटलीत कोंडायचो, आमटीला धुंगार देतात तसा. बायको विचारायची, ‘काय जाळताय आत?’ मी म्हणायचो, डास झालेत. कधी एखादा मनुका टाकून ठेवायचो. हुंगायचो, मान हलवायचो, परत ओतायचो. खोटं करत होतो, पण मन लावून करत होतो. आता हसू येतं. तेव्हा नाही यायचं.

आणि दत्तू. दत्तू माझ्या वर्गातला. आमच्या भागातली कितीतरी घरं गलाईच्या धंद्यात आहेत — परमुलखात जाऊन जुने दागिने वितळवायचे, सोनं शुद्ध करून द्यायचं. दत्तू दहावी झाल्यावर मामाबरोबर तमिळनाडूत गेला, तिथं स्वतःचं दुकान टाकलं, तमीळ आपल्या मराठीसारखं बोलायला शिकला. जत्रेला मात्र न चुकता यायचा. त्यांच्या धंद्याची एक रीत तो नेहमी सांगायचा. दागिना कसोटीला घासला आणि कस बघणाऱ्यानं एकदा सांगितलं, की इतकं सोनं, इतकी भेसळ, की विषय संपला. गिऱ्हाईकानं तो दागिना उचलून दुसऱ्याला दाखवायचा नाही. दाखवला तर तो पहिल्याचा अपमान. ‘शब्दावर चालतंय गड्या सगळं,’ दत्तू म्हणायचा. ‘शब्द गेला की दुकानाचं शटर वडायचं.’

त्याचा पोरगा अमर. हुशार. साखर कारखान्यांच्या भागातली पोरं शिकतात तसा तो मद्यार्काचं तंत्र शिकला, आणि पुढं थेट स्कॉटलंडला गेला. शिक्षण झाल्यावर तिथंच एका कंपनीत लागला. ब्लेंडिंगच्या खोलीत, मदतनीस म्हणून. दत्तूला हे पचलं नव्हतं. त्याचं म्हणणं सरळ होतं — बाप सोनं गाळतो आणि पोरगं दारू? भावकीत काय सांगायचं? दोघांचं भांडण नव्हतं, पण फोनवर ‘जेवलास का’, ‘थंडी किती’ याच्या पुढं गाडी जायची नाही.

एकदा त्यानं मला विचारलं होतं, ‘मेजर, ब्लेंडेड म्हंजे मिसळल्याली ना? मग ती भेसळच की.’

मी त्याला समजावलं. चांगलं तासभर समजावलं. म्हणालो, भेसळ म्हणजे झाकायला मिसळणं, आणि हे म्हणजे घडवायला मिसळणं. तुझा पोरगा हलकं काम करत नाही, नाकानं सोनं तोलतोय म्हण. दत्तूनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, ‘तू सांगतोयस म्हंजे असंल.’ एवढा त्याचा माझ्यावर विश्वास. ही माझ्या हातून झालेली चांगली गोष्ट. तीही इथं नमूद करावीशी वाटली, यावरून माझा स्वभाव ओळखा.

एका वर्षी अमर सुट्टीवर आला. जत्रेपर्यंत थांबायला त्याला रजा नव्हती. जाताना बापाजवळ एक बाटली ठेवून गेला. बाजारातली नव्हे — कंपनी आपल्या माणसांना वाटते त्यातली. साधं पांढरं लेबल, बारीक अक्षरं, चित्र नाही, सोनेरी काही नाही. त्याच्या वरिष्ठानं एका लहान मिश्रणात एक पिंप अमरच्या सांगण्यावरून घेतलं होतं. तीसेक पिंपांतलं एक. तेवढंच. पण ते त्यानं निवडलेलं. बापाला म्हणाला होता, ‘जत्रेत उघडा. पहिला घोट मेजरकाकांना द्या. ते सांगतील.’

खाऱ्या दिवशी दुपारी आम्ही दत्तूच्या गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात बसलो होतो. चुलीवर मटणाचं पातेलं रटरटत होतं. माझी चौकोनी बाटली मी नेहमीप्रमाणं मधोमध ठेवली होती. दत्तू घरातून टॉवेलात गुंडाळलेली बाटली घेऊन आला आणि माझ्या बाटलीला खेटून ठेवली.

‘ही काय खोकल्याचं औषिध हाय व्हय रं?’ आनंदा म्हणाला. आनंदा म्हणजे दत्तूचा चुलतभाऊ, जिथं बसेल तिथं चेष्टा.

‘माझ्या पोराच्या हातची हाय,’ दत्तू म्हणाला. ‘गप ऱ्हा जरा.’ मग माझ्याकडं वळला. ‘मेजर, सोन्यातलं मला कळतंय, ह्यातलं तुला. तू म्हणशील ते. चांगली निघाली तर हितनंच फोन लावतो त्येला. म्हणतो, बाबा, केलंस ते बरं केलंस. लय दीस झालं, तोंडातनं निघंना झालंय.’

तो हे हसत हसत म्हणाला. पण बोलताना त्यानं टोपण दोनदा उघडलं आणि दोनदा परत लावलं. मी पाहिलं ते.

आनंदानं दोन ग्लास पुढं केले. ‘एकात मेजरची वता, एकात पोराची. समद्यांनी दोन्ही चाखायची. आज कळंल खरी स्कॉच कसली असती!’

मी अमरच्या बाटलीतली घोटभर माझ्या ग्लासात ओतली. नाकाशी नेली.

कसं सांगू? आधी मध आला. मग गुऱ्हाळात काहिलीच्या कडेला गूळ करपतो, तो वास. मग बऱ्याच वेळानं, लांब कुणाच्या तरी रानात उसाचं पाचट जळतंय आणि वारा इकडचा आहे, एवढासाच धूर. आणि या सगळ्याच्या खाली, शांत, सुकलेल्या बोरांची आंबटगोडी. बाकी काहीही त्या आंबटगोडीच्या आड येत नव्हतं, उलट तिच्यावर टेकून उभं होतं. मला कळलं, हेच ते पिंप. हे त्यानं निवडलेलं. मेसमध्ये इतकी वर्षं काढली, साहेबांच्या कपाटातल्या भारी बाटल्या हुंगल्या. इतकी नेटकी व्हिस्की फार थोड्या वेळा भेटली होती. मी एक घोट घेतला आणि क्षणभर — खरंच क्षणभर — मला फार आनंद झाला.

मग माझी नजर माझ्या बाटलीवर गेली.

तुमच्या लक्षात आलंच असेल. दोन ग्लास शेजारी ठेवले असते तर ज्यानं उभ्या जन्मात फक्त देशी प्यायली त्यालाही कळलं असतं. धुंगार दिलेली माझी रम-व्हिस्की त्या व्हिस्कीपुढं लगेच उघडी पडली असती. ‘मेजर, ही अशी कशी?’ कुणीतरी म्हणालं असतं. मग पुढचं. मग मागच्या सगळ्या जत्रा. मग मेजर हा शब्दसुद्धा.

सगळे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी ग्लास खाली ठेवला. आणि म्हणालो —

अजून लिहिताना हात अडतो. मी म्हणालो, ‘दत्तू, पोराला कुणीतरी गंडवलंय गड्या. ही खरी न्हवं. भेसळ हाय.’

भेसळ. दुसरे शब्द होते की. साधी आहे, कच्ची आहे, मला नाही आवडली — काहीही चाललं असतं. पण दत्तूला कुठला शब्द लागेल हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक होतं? मीच तर तासभर बसून त्याच्या मनातून तो काढला होता. तोच उचलला आणि परत तिथंच ठेवला.

दत्तू म्हणाला, ‘आरं पण त्यो तिथंच कामाला हाय. त्येलाच कसं गंडवतील?’

मी खांदे उडवले. फक्त खांदे. आणि आनंदा म्हणाला, ‘मग तिथं बाटल्या धुतंय का काय पोरगं?’

सगळे हसले. मीही हसलो.

कुणी त्या बाटलीला हात लावला नाही. भेसळ म्हटल्यावर कोण पिणार? नकली दारूनं डोळे गेल्याच्या गोष्टी सगळ्यांना माहीत. आणि दत्तूनं — कस बघणाऱ्याचा शब्द मानणाऱ्या दत्तूनं — स्वतः एक थेंबही चाखला नाही. पोरानं केलेली वस्तू बापाच्या समोर उघडी होती, आणि बापानं जीभ लावली नाही, कारण लावली असती तर माझा अपमान झाला असता. टोपण हळूहळू फिरवून घट्ट लावलं. खिशातला फोन काढला नाही.

उठताना बाटली माझ्या हातात दिली. ‘तूच वत कुठंतरी. माझ्याच्यानं व्हायचं न्हाई.’

मी ती ओतली नाही. घरी आणली आणि कपाटात कपड्यांच्या मागं ठेवली.

थोड्या दिवसांनी मला व्हॉट्सॲपवर अमरचा निरोप आला. मी घाबरत उघडला. वाटलं, भांडेल, विचारेल, पुरावे देईल. त्याच्याकडं सगळे पुरावे होते. त्यानं लिहिलं होतं, ‘काका, बाबा म्हणाले तुम्हाला बरोबर वाटली नाही. कुठं कमी पडलं ते सांगाल का? मी जे पिंप सुचवलं होतं त्यानं तोल गेला का? मला शिकायचं आहे.’

पोरानं शंका घेतली ती स्वतःवर.

खरं सांगायला ही किती सोपी जागा होती! बापाला नको, गावाला नको, एकट्या पोराला. दोन ओळी. मी दिवसभर तो फोन खिशात घेऊन फिरलो. संध्याकाळी लिहिलं, ‘आंबटपणा पुढे येतो. बाकीच्यांना दाबतो. प्रयत्न चांगला आहे.’ ‘प्रयत्न चांगला आहे’ हेही लिहिलं. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्याच्या सगळ्या कामात जे एक खास त्याचं होतं, बरोबर तेवढ्यावर मी बोट ठेवलं. तेवढं नाक मला होतं.

पुढं वर्षभर मी ती बाटली थोडी थोडी प्यायलो. दर वेळी बोरांची ती आंबटगोडी यायची. दर वेळी वाटायचं, आज फोन करू. अर्धी उरली तेव्हा जत्रा जवळ आली, आणि मी जे केलं त्याचं कारण मला अजून सापडलेलं नाही. त्या वर्षी मी माझी भट्टी लावली नाही. अमरची उरलेली व्हिस्की माझ्या चौकोनी बाटलीत ओतली आणि जत्रेत नेली. कुणीतरी ओळखावं, असं वाटत होतं का? की नुसतंच मिरवायचं होतं? चांगलं कारण निवडायचा मोह होतो. निवडत नाही.

तीच शेड, तीच माणसं. दत्तूनं घोट घेतला आणि डोळे मिटून बसून राहिला. आनंदा म्हणाला, ‘काय रं, समाधी लागली का?’

‘गप,’ दत्तू म्हणाला. ‘मेजर, ही मातूर बेस हाय. गेल्या बारीपरीस लय भारी. ह्येला म्हणत्यात स्कॉच.’ मग ग्लासाकडं बघत, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, ‘अमऱ्यानं असली एक बाटली करून दाखवावी. बाप त्याच्या दारात जाऊन उभा ऱ्हाईल.’

त्याच्या हातात तीच होती.

मी म्हणालो, ‘जुनी झाली की मुरते.’ हेही खोटं. व्हिस्की मुरते ती लाकडात. एकदा काचेत गेली की वर्षानुवर्षं तशीच राहते. हे मीच त्यांना पहिल्या जत्रेत शिकवलं होतं, पण कुणाच्या ध्यानात नव्हतं.

त्यानंतरच्या हिवाळ्यात दत्तूला दुकानात बसवेना. गुडघे गेले होते. त्यानं अमरला फोन केला, म्हणाला, ‘लोकाच्या बाटल्या धुण्यापरीस आपलं सोनं गाळ.’ हे त्यानं मला स्वतः सांगितलं, अगदी अभिमानानं, की बघ, शेवटी मन मोकळं केलं. अमर नोकरी सोडून दुकानात आला. कंपनीतल्या वास घेणाऱ्यांच्या पथकात बसायची परीक्षा तो त्याच सुमारास देणार होता, असं त्याच्या आईकडून पुढं कळलं. त्यानं दिली नाही. माझ्यामुळंच आला, असं मी म्हणत नाही. पोरं आईबापासाठी परत येतात, त्यात वाईट काही नाही. पण बापानं एकदा त्याच्या दारात जाऊन उभं राहायचं होतं, ते राहिलं. ते कुणामुळं राहिलं, एवढं मला माहीत आहे.

यंदाच्या जत्रेला अमर तमिळनाडूहून आला. लग्न झालंय, अंगानं भरलाय, बापासारखाच बोटांना पिवळे डाग. पाया पडला. मला म्हणाला, ‘काका, तुमची बाटली कुठाय?’ मी मधोमध ठेवलेली बाटली त्यानं उचलली, मला ओतली, बापाला ओतली, मग स्वतःला. ग्लास नाकाखाली धरला. तोंड किंचित उघडं, घाई नाही. अगदी बरोबर. दोन थेंब पाणी टाकलं. परत धरला. मी खाली मान घातली. वाटलं, आता. या एका माणसाला कळेल, माझ्या बाटलीत काय आहे. आणि तुम्हाला खरं सांगतो, मी वाट बघत होतो.

त्यानं ग्लास हलवून तिसऱ्यांदा नाकाशी नेला. मग हसला.

‘तेजाबाच्या धुरात बसून बसून नाक गेलं काका,’ तो म्हणाला. सोनं शुद्ध करताना तेजाब, म्हणजे ॲसिड, तापवतात, त्याची वाफ कोंदट खोलीत भरून राहते. पंखा आहे म्हणाला, तरी पण. आता आईच्या फोडणीचा वाससुद्धा येत नाही. हे तो अगदी सहज सांगत होता. दत्तू शेजारी बसून ऐकत होता, त्यालाही त्यात विशेष काही वाटलं नाही. त्यांच्या धंद्यात होतं ते.

मग अमरनं ग्लास माझ्याकडं सरकवला.

‘तुम्हीच सांगा, काका. कशी आहे?’

मी हुंगली. कॅन्टीनची व्हिस्की, रम, बाभळीचा धूर.

‘चांगली आहे,’ मी म्हणालो.

त्यानं मान डोलावली, ग्लास परत घेतला आणि प्यायला.